हेरसाहेबांना माणसं चालत नसत

सूर्य चुकीच्या जागी आहे, अशी लेखी तक्रार करणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे आमचे हेरसाहेब. तक्रार मस्कतच्या आमच्या ऑफिसात आली, म्हणजे माझ्याच टेबलावर, कारण फोटोग्राफर मंडळींची सगळी रडगाणी माझ्याकडे यायची. किल्ल्याच्या ज्या भिंतीचा फोटो त्यांना हवा होता तिच्यावर तिरकं ऊन फक्त उन्हाळ्यात पडतं, आणि आम्ही त्यांना बोलावलं होतं डिसेंबरात. चूक सूर्याची की आमची, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं नव्हतं. पण मेलची एक प्रत अर्बाबांना, म्हणजे आमच्या ओमानी मालकांना, पाठवली होती.

आमची कंपनी अल खुवैरला, मंत्रालयांच्या मागच्या रस्त्यावर. आम्ही पुस्तकं काढायचो. जाड, गुळगुळीत आणि कोणीही न वाचणारी. बँकांना आणि तेल कंपन्यांना वर्षाअखेरी पाहुण्यांच्या हातात ठेवायला काहीतरी वजनदार लागतं, ते वजन आम्ही पुरवायचो. त्या वर्षी किल्ल्यांचं पुस्तक ठरलं, आणि अर्बाबांनी कुठल्याशा प्रदर्शनात ज्यांची चित्रं पाहिली होती ते हे जर्मन गृहस्थ तीन महिन्यांसाठी आले. सहा वर्षं राहिले. कामाला वेळ लागतो असं त्यांचं म्हणणं होतं.

जर्मन भाषेत श्रीयुतांना ‘हेर’ म्हणतात, आणि त्यांनी पहिल्या दिवशी स्वतःची ओळख तशीच करून दिली. आमचा ड्रायव्हर सावंत वेंगुर्ल्याचा. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, “बाई, ह्यो सोताच सांगता मी हेर म्हणान, आनि तुमी तेका किल्ल्याचे फोटो काढूक देतास?”

मी त्याला अर्थ समजावून सांगितला. तो पटल्यासारखं करून गेला, पण पुढे कितीतरी दिवस चेकपोस्ट आलं की सावंत खिडकीची काच आपणहून खाली करायचा आणि आपला या माणसाशी काही संबंध नाही असा चेहरा करून बसायचा. नाव मात्र चिकटलं. आम्ही मराठी माणसं त्यांना हेरसाहेब म्हणायला लागलो, म्हणजे श्रीयुतसाहेब. त्यांनाही ते आवडत असावं. साहेब हा शब्द त्यांना माहीत होता.

उंच, हाडकुळे, साठीच्या घरातले. कानांची टोकं कायम उन्हाने सोललेली. कॅमेरा लाकडी, पेटीएवढा, तीन पायांवर उभा करायचा आणि डोक्यावर काळं फडकं घेऊन त्यात शिरायचं. एकदा आत शिरले की बाहेर कधी येतील ते सांगता येत नसे. अख्खं जग फोनने धडाधड फोटो काढत असताना हा माणूस दिवसाला दोन काढायचा, आणि त्यातला एक त्याला आवडायचा नाही.

चाळीसेक वर्षं ते जगभर हिंडले होते. चिली, नामिबिया, मंगोलिया, आइसलँड, येमेन, लडाख. देशाचं नाव काढायची खोटी, हेरसाहेब तिथे जाऊन आलेले असायचे आणि तो देश आता बिघडलेला असायचा. आमचे अकाउंटंट हौसेने तुर्कस्तान करून आले, तेव्हा हेरसाहेबांनी त्यांचे शंभर फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “तुम्ही उशिरा गेलात.” बिचाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा रजा घेतली होती. मी माझं माहेर नाशिकचं असं सांगितल्यावर ते म्हणाले, “नाशिक. हो. पूर्वी छान होतं.”

“पूर्वी म्हणजे कधी?”

“मी जायच्या आधी,” ते म्हणाले. चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता.

कंपनीने त्यांना ऑफिसजवळ चांगला फ्लॅट दिला होता. महिन्याभरात तो सोडून ते माबेलाला गेले, शहराच्या पार टोकाला, जिथे कामगार आणि नवे संसार राहतात. कारण काय, तर तिथे गच्चीवरून डोंगर दिसतात. रोज तास तास गाडी चालवायची ती त्यांना नाही, सावंतला. घरात फ्रिज मोठा होता, पण त्यात फिल्मचे डबे आणि एक लिंबू. जेवणाचं काय करता, असं मी एकदा विचारण्याची चूक केली. त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी ते अल खौदला आमच्या दारात उभे होते. आमंत्रण दिल्याचं मला आठवत नाही. सूर्यप्रकाश जसा निसर्गतः मिळतो तसाच पाहुणचारही मिळतो, अशी त्यांची समजूत होती, आणि चाळीस वर्षांत कोणी ती मोडली नसावी.

मग दर शुक्रवारी ते यायचे. जेवायला बसण्याआधी खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करायचे. जे वाढीन ते खायचे. भरली वांगी, आमटी, एकदा तर मी अर्धा दिवस खपून केलेली पुरणपोळी. प्रत्येकाला प्रशस्तिपत्र एकच, “हे चुकीचं नाही.” माझे मिस्टर विमा कंपनीत आहेत, त्यांना जपून बोलणाऱ्या लोकांची सवय. ते म्हणाले, जर्मन माणसाकडून याहून जास्त मिळत नाही, घे ठेवून. आमची सई तेव्हा नऊ-दहा वर्षांची. ती मला स्वयंपाकघरात येऊन सांगायची, “आई, ही इज सो विअर्ड. ही... काय म्हणतात... ही डझन्ट लुक अ‍ॅट मी.” खरंच होतं. ते तिच्याशी बोलायचे तिच्या मागच्या भिंतीकडे बघून. पण ते सगळ्यांशीच तसं बोलायचे.

माणसांचा आणि त्यांचा संबंध नव्हता. त्यांच्या चित्रांत किल्ले असायचे, डोंगर, दारं, वाळू, सुकलेल्या नद्या, खजुरीच्या झाडाच्या सावल्या. माणूस नाही. दूरवर चालत जाणारा ठिपकासुद्धा नाही. एखादा गावकरी चित्रात शिरला तर तो निघून जाईपर्यंत ते थांबायचे, आणि गावकऱ्यांना तर काय, वेळच वेळ. एका सांस्कृतिक मंडळात त्यांचं भाषण ठेवलं होतं. त्यात ते म्हणाले, माणूस हा दृश्यातला गोंगाट आहे. पहिल्या रांगेतल्या पोरापोरींनी ते वहीत उतरवून घेतलं. मला तेव्हा फार खोल वाटलं ते. घरी येताना गाडीत मी मिस्टरांना ऐकवलंसुद्धा. ते म्हणाले, “मग जेवायला आपल्याकडे कशाला येतो, डोंगराकडे जावं.”

अर्बाबांच्या काकांची गोष्ट याच काळातली. अर्बाबांचं मूळ गाव आत डोंगरात. तिथे जुनी मातीची तटबंदी आहे, आणि ती पुस्तकात यावी ही त्यांची इच्छा, म्हणजे आमच्यासाठी आज्ञा. हेरसाहेब, सावंत आणि मी तिघं गेलो. काकांना आधी निरोप गेला होता. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, कमरेला चांदीचा खंजीर, हातात काठी, अशा थाटात ते म्हातारे गृहस्थ तटबंदीसमोर येऊन उभे राहिले. अगदी मधोमध.

हेरसाहेब फडक्यातून बाहेर आले. काकांकडे बघून मान झुकवली आणि दगडावर जाऊन बसले. काका जाण्याची वाट बघू लागले. काकांना वाटलं, पाहुणा दमला आहे. तेही शेजारी बसले. सावंतने कॉफी आणली, कोणीतरी खजूर आणले. काका मला अरबीत सांगत होते की आता बरं वाटत असेल तर काढूया, आणि हेरसाहेब इंग्रजीत विचारत होते की यांना घरी काही काम नसतं का. दोन्ही बाजूंचं भाषांतर मी फार प्रामाणिकपणे केलं नाही. काका उठले की हेरसाहेब आशेने उठायचे, आणि काका पुन्हा तटबंदीसमोर जाऊन उभे राहिले की हे बसायचे. दुपार कलली तशी काकांनी हार मानली आणि उन्हातून बाजूला सरकून उभे राहिले. त्याच क्षणी फोटो निघाला.

पुस्तकाच्या पानाचं प्रूफ आलं तेव्हा त्यात भिंत होती, सुरेख सोनेरी उजेड होता, आणि डाव्या कोपऱ्यात काठीचं टोक. हेरसाहेब आठवडाभर आजारी असल्यासारखे होते. ते टोक कापा म्हणून त्यांनी मला तीनदा सांगितलं. पण अर्बाबांनी पान आधीच काकांना नेऊन दाखवलं होतं, आणि काका बेहद्द खूश होते. पुढे त्या गावात कोणीही गेलं की काका ते पुस्तक काढत, पान उघडत आणि काठीवर बोट ठेवून सांगत, हा मी. या एका काठीच्या जोरावर हेरसाहेबांचा करार वाढला, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

माणसांत एवढं वाईट काय, असं मी त्यांना एकदा जेवताना विचारलं.

“वाईट काही नाही,” ते म्हणाले. “ती बघतात.”

“बघू द्या की.”

“तुम्ही आमटी छान करता,” ते म्हणाले. ‘चुकीचं नाही’च्या पलीकडे ते गेले ते त्या एकाच दिवशी, आणि तेही विषय बदलायला.

ओमानात गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवारची सुट्टी सुरू झाली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. एका सकाळी ऑफिसात एक गोरी मुलगी आली, तिशीची, उन्हाने टोमॅटोसारखी झालेली. नाव लेना. प्राथमिक शाळेत शिक्षिका. हेरसाहेबांना भेटायचं आहे म्हणाली. ते तेव्हा पूर्वेला, शर्कियाच्या वाळवंटाच्या कडेला एका ओसाड गावात मुक्कामाला होते, फोन बंद. फोन ते बंदच ठेवायचे, कारण चालू ठेवला की तो वाजतो. मी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण?

“मुलगी,” ती म्हणाली, आणि माझा चेहरा बघून, “तुम्हाला माहीत नव्हतं ना? ठीक आहे. कोणालाच नसतं.”

सहा वर्षांतली निम्मी तरी तोपर्यंत झाली होती. प्रत्येक शुक्रवारी हा माणूस माझ्याकडे जेवला होता. मंगोलियातल्या वाऱ्यांची नावं मला पाठ झाली होती. मुलगी आहे हे सांगायला त्यांना सवड झाली नव्हती.

हॉटेलात एकटी कुठे राहते म्हणून मी तिला घरी आणलं. सईची आणि तिची तासाभरात गट्टी झाली. दोघी सोफ्यावर बसून फोनवर एकमेकींचे वेडेवाकडे चेहरे काढत होत्या. रात्रीची भाजी निवडायला ती माझ्याजवळ बसली आणि साध्या आवाजात सांगू लागली, शाळेत मुलांना गोष्ट सांगावी तशी. ती चार वर्षांची असल्यापासून वडील बाहेर. भांडण असं नाही, फक्त बाहेर. प्रत्येक देशातून तिला एक फोटो यायचा, मागे देशाचं नाव. वाळवंट, बर्फ, डोंगर. “मला बरीच वर्षं वाटायचं,” ती म्हणाली, “की माणसं फक्त जर्मनीत असतात.”

जूनमध्ये तिचं लग्न होतं. वडिलांनी यावं, आणि तिचा एक फोटो काढावा, एवढंच मागायला ती आली होती. तिच्याकडे वडिलांनी काढलेला तिचा एकही फोटो नव्हता. जगातला प्रत्येक दगड काढून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सावंतने आम्हाला तिकडे नेलं. लांबचा रस्ता. ती खिडकीतून बघत होती आणि मधेच म्हणायची, हा डोंगर मी ओळखते. गाव सगळं पडलेलं, मातीच्या घरांना छपरं नाहीत. एका पडक्या भिंतीवर तीन पायांचा कॅमेरा आणि त्याच्या मागे काळं फडकं, खाली दोन हाडकुळे पाय. आम्ही खाली सावलीत थांबलो. लेनाने हाक मारली नाही. तिला या कामाची पद्धत माहीत होती.

ते बाहेर आले, आम्हाला पाहिलं, तिला पाहिलं आणि जपून खाली उतरले. आमच्यासमोर जर्मन बोलणं बरं दिसत नाही म्हणून ही दोघं शेवटपर्यंत इंग्रजीत बोलली. इतकी सभ्य माणसं.

“उशिरा आलीस,” ते म्हणाले. “उजेड गेला.”

“मी उजेडासाठी नाही आले. जूनमध्ये माझं लग्न आहे.”

“अभिनंदन. जूनमध्ये मी दक्षिणेला, सलालाला असेन. तेव्हा तिथे धुकं सुरू होतं.”

“मला तुझ्याकडून एक फोटो हवा आहे. माझा.”

“लग्नाचे फोटो काढणारे लोक असतात,” ते म्हणाले. “चांगले असतात.”

“ते येणारच आहेत. मला तू काढलेला हवा आहे.”

“मी ते करत नाही.”

“माहीत आहे. नाहीतर मेल केला असता. विमानाने कशाला आले असते?”

त्यांनी खांद्यावरचं काळं फडकं काढलं, झटकलं आणि कडेला कडा जुळवून घडी घालायला घेतली. घडी नीट बसली नाही म्हणून उलगडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाले, “इथे पाणी भरपूर पीत जा,” आणि पुन्हा भिंतीवर चढले. उजेड गेला होता हे त्यांनीच सांगितलं होतं.

लेना रडली नाही. सावंतने तिच्यापुढे खजुरांचा डबा धरला, तो तिने घेतला. भिंतीवर चढणाऱ्या त्या पाठीचा तिने फोनने एक फोटो काढला आणि गाडीत जाऊन बसली.

मी मात्र वर गेले. साडी-चप्पल सांभाळत पडक्या भिंतीवर चढले आणि तोंडाला येईल ते बोलले. मराठीत बोलले, कारण एवढ्या रागात इंग्रजी सुचत नाही, आणि कारण त्यांना कळलं नाही तर बरं असंही कुठेतरी वाटत असावं. खाली सावंतला सगळं कळत होतं. तो टायर तपासू लागला. माझं संपल्यावर हेरसाहेब म्हणाले, “कळलं.”

“तुम्हाला मराठी येतं?”

“नाही,” ते म्हणाले.

लेना परत गेली. हेरसाहेब ऑफिसात आले की माझ्या टेबलाला वळसा घालून जायचे. शुक्रवारी जेवायला येणं बंद झालं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दोन-तीन शुक्रवार मी सवयीने आमटी जास्त केली आणि ती आम्ही शनिवारी संपवली.

मग एका शुक्रवारी बेल वाजली. हेरसाहेब, आणि सोबत लाकडी पेटी घेऊन सावंत. ते आत आले, खुर्ची फिरवली नाही, बसलेही नाहीत.

“तुमची मुलगी मला अर्धा तास मिळेल का?” त्यांनी विचारलं.

मला आधी वाटलं काहीतरी गंमत करायची असेल. गंमत करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी सईला बाल्कनीच्या दाराशी स्टुलावर बसवलं, फडक्यात शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. हलू नकोस, म्हणाले. डावीकडे बघ, म्हणाले. श्वास घेऊ नकोस असंही एकदा म्हणाले, तेव्हा मला मधे पडावं लागलं. सई ओरडली, “आई, ही वॉन्ट्स मी टू बी अ वॉल.”

पुढच्या आठवड्यात चित्रं आली. मी आयुष्यात एवढे वाईट फोटो पाहिले नाहीत. प्रकाश अप्रतिम होता. सईच्या केसांची एकेक बट मोजता आली असती. आणि माझी पोर त्यात निझव्याच्या किल्ल्यासारखी दिसत होती, भक्कम आणि ओसाड. त्यांनाही ते दिसलं. त्यांनी चित्रं उलटी ठेवली.

तरी ते पुढच्या शुक्रवारी आले, आणि त्याच्या पुढच्या. मधल्या दिवसांत सावंतला उभं केलं. सावंत सरकारी ओळखपत्राला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला आणि तसाच आला. अकाउंटंट झाले, ऑफिसचा चहावाला झाला. ज्या माणसाची भिंत युरोपातल्या संग्रहालयात टांगलेली होती त्याला आमच्या चहावाल्याचा चेहरा जमत नव्हता. चहावाल्याने त्यांना एकदा प्रेमाने सांगितलं, “साब, मोबाइल से ले लो, अच्छा आता है.”

तिसऱ्या का चौथ्या शुक्रवारी सई कंटाळून आत गेली. ते फडकं हातात घेऊन बाल्कनीत उभे होते. मी चहा घेऊन गेले.

“भिंतीकडे मी बघतो,” ते म्हणाले, “तर भिंतीला माझ्याकडून काही नको असतं. ही बघते, तर मला कळत नाही आता मी काय करायचं. लेना चार वर्षांची होती तेव्हा मी तिचा फोटो काढायला बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरा बंद केला.” हातातलं फडकं झटकून म्हणाले, “मला येत नाही. कधीच येत नव्हतं.”

एवढंच होतं ते. दृश्यातला गोंगाट वगैरे तत्त्वज्ञान, पोरापोरींनी वहीत उतरवलेलं, चाळीस वर्षांचं करिअर, किती खंडांतली किती वाळवंटं, सगळं या एका न येण्यावर उभं होतं. मला हसूही आलं आणि हसवेना. मी म्हटलं, चहा गार होतोय.

त्या दिवशी सईनेच मार्ग काढला. बाहेर येऊन पुन्हा स्टुलावर बसली आणि म्हणाली, “अंकल, तुम्ही स्माइल करायला का नाही सांगत? सगळे सांगतात.”

“काय सांगायचं असतं?”

“से चीज.”

हेरसाहेब फडक्याबाहेर उभे राहिले आणि न्यायाधीशाने शिक्षा वाचावी तशा आवाजात म्हणाले, “चीज.”

सई अशी हसत सुटली की स्टुलावरून खाली बसली. मीही हसले. त्या हसण्याचा फोटो नाही. बटण त्यांच्या हातात होतं, पण ते दाबायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले होते. तिच्याकडेच, मागच्या भिंतीकडे नाही.

जूनमध्ये सलालाचं धुकं त्यांच्याविना सुरू झालं. ते लग्नाहून परत आले ते नवाकोरा फोन घेऊन, आणि त्यानंतर ऑफिसात कोणाचं काम झालं नाही. प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन ते अंगठ्याने फोटो सरकवत दाखवत होते. ही माझी मुलगी. ही परत माझी मुलगी. हा तिचा नवरा, इथे त्याचं डोकं कापलं गेलं. ही कोण ते माहीत नाही, पण ती छान नाचत होती. अकाउंटंटनी सूड म्हणून सगळे शांतपणे पाहिले. मी विचारलं, आणि तिने मागितलेला तो एक?

“काढला,” ते म्हणाले. “तिचे डोळे मिटलेत. तिने तोच फ्रेम केला.”

इथून त्यांच्या कामाची जी उतरण लागली ती थांबली नाही. दारांचं पुस्तक चालू होतं. आता प्रत्येक दारात कोणीतरी उभं. कोणी बकरी घेऊन, कोणी पाण्याचा कॅन घेऊन, बांधकामावरचे दोन बांगलादेशी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. अर्बाबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक चित्र पुढे सरकवलं. “दार कुठे आहे?”

“मागे आहे, अर्बाब. या आजोबांच्या मागे.”

“हे कोण?”

ते मलाही माहीत नव्हतं. हेरसाहेबांना माहीत होतं, नावासकट, आणि त्यांच्या गुडघ्याच्या दुखण्यासकट. अर्बाबांना रिकामे किल्ले हवे होते. त्यासाठीच त्यांनी हा माणूस आणला होता. आता तो मस्कतच्या कुठल्याही स्टुडिओवाल्यासारखे फोटो काढत होता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतके चांगले नाही.

मधेच एकदा सावंतला घेऊन ते स्वखर्चाने त्या डोंगरातल्या गावी काकांचा फोटो काढायला गेले. काका त्यांना मिठी मारून भेटले, कॉफी पाजली, जेवू घातलं. फोटोला मात्र नाही म्हणाले. सावंतने येऊन सांगितलं, “काका म्हणालो, माझो फोटो झालो हा. पुस्तकात आसा. परत कित्याक?”

मग तेलाचे भाव पडले, कंपन्यांनी पाहुण्यांना जड पुस्तकं देणं बंद केलं, आणि दारांचं पुस्तक छापलंच गेलं नाही. एकेकाची नोकरी गेली. हेरसाहेबांचा करार पुन्हा झाला नाही. अर्बाबांनी स्वतः घरी बोलावून सांगितलं, जेवण घातलं, लोबानाचा डबा दिला. हेरसाहेब म्हणाले, योग्य निर्णय आहे, हल्लीचं माझं काम चांगलं नाही. लाकडी कॅमेरा त्यांनी एका संग्रहालयाला विकून टाकला असं नंतर कळलं. विमानतळावर सावंत आणि आम्ही तिघं सोडायला गेलो. सईशी त्यांनी हात मिळवला. माझ्याकडे बघत त्यांनी सावंतला सांगितलं की परतीच्या रस्त्यावर वेग कमी ठेव.

लेनाच्या गावात, तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर ते आता राहतात. ज्यांना अख्खा आइसलँड अरुंद वाटायचा ते दोन गल्ल्यांत मावले. तिला मुलगी झाली, आणि मला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्या बाळाचे फोटो येऊ लागले. रोज सात-आठ. बाळ झोपलेलं, बाळ झोपेतून उठलेलं, बाळाचा पाय, पुन्हा तोच पाय. सगळे हललेले, अर्धे अंधारात. एवढ्या मोठ्या कलावंताचं उत्तरकालीन काम माझ्या फोनची जागा खात होतं. मी खूप दिवस उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह पाठवत राहिले आणि शेवटी त्यांना म्यूट केलं.

एका शनिवारी फोन साफ करताना बघते तर बऱ्याच दिवसांत एकही फोटो नाही. वर सरकवलं, खाली सरकवलं, नाही. त्यांचं वय मनात आलं. मी फोन लावला.

दोन रिंगमध्ये उचलला. आवाज ठणठणीत होता.

“फोटो यायचे बंद झाले,” मी म्हटलं. “बरे आहात ना?”

“ती चालायला लागली,” ते म्हणाले, थोडे धापा टाकत. “एकटीने जमत नाही अजून. माझ्या दोन्ही हातांची बोटं धरते. एकही हात मोकळा राहत नाही.”

पुढे काही बोलणार तोवर मागून कोणीतरी इवलंसं किंचाळलं. हेरसाहेब मला नमस्कार-चमत्कार न करता, फोन बंदही न करता, कुठेतरी ठेवून गेले. जर्मन मला येत नाही. पलीकडे पावलं वाजत होती, एक सावकाश जोडी आणि एक धडपडती, आणि ते तिला काहीतरी सांगत होते, पुन्हा पुन्हा तेच. मी ऐकत बसले. सई बाहेरून विचारत होती, आई, कोणाचा फोन आहे, तू बोलत का नाहीस.